महानगराची सरासरी आणि कोकणातली कुलपे

धागाकर्ता : खाडीपल्याड (गुहागर तालुका)

आमच्या वाडीत गणपतीच्या दिवसांत सगळी दारे उघडी असतात आणि विसर्जन होऊन आठवडा उलटला की निम्म्याहून अधिक दारांना पुन्हा कुलपे लागतात. कोकणात हे कोणालाच नवे नाही. या धाग्यात मला त्या कुलपांचा आर्थिक हिशेब मांडायचा आहे, कारण महानगरांच्या वाढीविषयी जे काही लिहिले जाते त्यातून नेमका हाच हिशेब निसटतो असे मला वाटते.

नीती आयोगाने मुंबई महानगर प्रदेशाला वृद्धीकेंद्र ठरवून तिथली अर्थव्यवस्था सुमारे १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा मांडला आहे. तो आकडा गाठला गेला तर मला आनंदच होईल. वडील, मी आणि आता माझी मुले अशा तीन पिढ्यांचे घर याच महानगरावर चालले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की हा आकडा ज्या प्रदेशाच्या नावावर लिहिला जातो त्याची सीमा कुठे आखली आहे, आणि त्या सीमेबाहेर कोणता खर्च ठेवला आहे. १९७५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले तेव्हापासून ही हद्द वाढतच आलेली आहे, आणि २०१९ च्या विस्तारात पालघर तालुका आणि वसई, पेण, खालापूर, अलिबाग या तालुक्यांचे उरलेले भागही तिच्यात आले. म्हणजे आता मलबार हिलचा मनोरा, गोवंडीची झोपडी आणि पेणच्या खारभूमीतले भाताचे खाचर एकाच सरासरीत बसते.

२०११ च्या जनगणनेतील एक जोडी पाहा. त्या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली. मुंबई शहरातली माणसे कमी झाली ती तिथे राहणे परवडेना म्हणून, आणि आमच्याकडची कमी झाली ती इथे राहून भागेना म्हणून. दोन्हीकडून निघालेली माणसे ठाणे, कल्याण, डोंबिवली, नालासोपारा, विरार इथे एकमेकांना भेटली, आणि ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता) एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वर्तमानपत्रांनी मुलींच्या सन्मानाची बातमी म्हणून छापला होता. त्यात थोडे तथ्य असेलही, पण मोठा भाग असा आहे की पुरुष मोजणीच्या वेळी इथे नव्हतेच.

आता दरडोई उत्पन्नाकडे वळू. जिल्ह्याचे उत्पन्न मोजतात ते उत्पादन जिथे होते तिथे. आमच्या वाडीतला मुलगा अंधेरीच्या कार्यालयात काम करतो तेव्हा त्याच्या कामाचे मूल्य मुंबई उपनगराच्या खात्यात जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्याचा आणि साठीनंतर दमा घेऊन परत येईल तेव्हा सांभाळण्याचा खर्च रत्नागिरी जिल्ह्याच्या अंगावर असतो. शिवाय तो गेला की इथल्या भागाकाराचा छेद कमी होतो, आणि काहीही नवे न पिकता दरडोई आकडा सुधारल्यासारखा दिसतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा उत्पन्नाच्या यादीत तळाला नसतात, त्याचे एक कारण हेही आहे. कुलूपबंद घराला दरडोई उत्पन्न नसते, पण ते सरासरी खालीही ओढत नाही.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले फार मोठे संख्याबळ कोकणाचे व घाटावरचे होते. लालबाग-परळच्या गावमंडळाच्या खोल्यांतून माणसे पेट्या-वळकट्या घेऊन एसटीने गावी येऊ लागली. वडील पुढच्या वर्षी आले. त्या काळात मुंबईत जी बेकारी दिसायला हवी होती तिचा मोठा हिस्सा अशा रीतीने गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, देवगड इथे उतरला आणि भातशेतीत मुरून गेला. शेतावर पाच माणसांच्या कामाला आठ माणसे लागली तर त्याला कोणी बेकारी म्हणत नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि तेव्हाची वाढ मात्र पूर्णपणे मुंबईच्या नावावर लिहिली गेली.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये मांडले होते की वाढणारे केंद्र भोवतालच्या प्रदेशावर दोन प्रकारचे परिणाम करते. एक पसरणारा: मागणी वाढते, पैसा घरी पाठवला जातो, कौशल्ये परततात. दुसरा ओढून घेणारा: तरुण माणसे, बचत आणि उद्योजकता केंद्राकडे जाते, आणि मागे राहिलेला प्रदेश आणखी मागे पडतो. मनीऑर्डर हा कोकणाचा पसरणारा परिणाम होता. तिच्यातून कर्ज फिटले, घरावरच्या नळ्यांच्या जागी मंगलोरी कौले आली, देवळाचा सभामंडप झाला. पण त्यातून धंदा उभा राहिल्याची उदाहरणे मला बोटांवर मोजावी लागतात.

अलीकडे ओढीचा नवा प्रकार दिसतो आहे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि महानगराने दक्षिणेकडे जो पहिला माल पाठवला तो म्हणजे जमिनीचा भाव. मुंबईची मजुरी अलिबागला पोहोचायला अजून वेळ आहे. मुंबईचा दर मात्र पोहोचला. सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे असतात, त्यांतला कोणी नालासोपाऱ्याचा चुलत चुलता आपला हिस्सा दलालाला देतो, आणि मग गावात राहणाऱ्याला वाटप करून घेण्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात.

तेव्हा माझे म्हणणे असे: महानगरांतली विषमता मोजताना महानगराच्या सीमेच्या आतच मोजली, तर सर्वांत मोठी दरी मोजणीबाहेर राहते. सभासदांनी आपापल्या भागातला अनुभव लिहावा. विशेषतः माझे जिथे चुकते आहे तिथे.

---

उरणचा_आगरी

आपण सीमेबाहेरचे लिहिलेत, मी सीमेच्या आतला आहे, म्हणून लिहितो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि आमच्या भातशेतीवर व मिठागरांवर नवी मुंबई उभी राहिली. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात आमचे पाच जण गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क आला. आता विमानतळालाही त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने केला आहे. म्हणजे वाढ आमच्या दारात आली, ती सीमेबाहेर कुठे राहिली नाही.

पण दारात आलेली वाढ ज्याच्या नावे सातबारा होता त्यालाच भेटली. मिठागरावर मजुरी करणारा, कुळ म्हणून नोंद न झालेला, खाडीत चिंबोऱ्या धरणारा आणि डोंगरउतारावरचा कातकरी यांच्या नावे जमीन नव्हती, त्यामुळे साडेबारा टक्के काढायचे कशाचे हा प्रश्नच आला नाही. माझ्या आजोबांच्या पिढीत आमच्या आळीत सगळ्यांची घरे जवळपास सारखी होती. आज एकाच गल्लीत चार मजली बंगला आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची खोली आहे, आणि दोन्हीकडचे लोक एकाच आडनावाचे आहेत. नुकसानभरपाई हा विषमता कमी करण्याचा मार्ग समजला जातो; आमच्याकडे तिनेच नवी विषमता घडवली.

---

आकडेमोड

धागा चांगला आहे, परंतु दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली, रत्नागिरीची लोकसंख्या घटण्यामागे केवळ स्थलांतर नाही. या जिल्ह्यांत जन्मदर लवकर खाली आला, आणि तरुण जोडपी बाहेर असल्यामुळे जन्मही बाहेर नोंदले जातात. म्हणजे कारण पुन्हा स्थलांतराशी जोडले जाते हे खरे, पण सगळी घट दारिद्र्याच्या खात्यात टाकता येणार नाही.

दुसरी दुरुस्ती सीमेविषयी. सीमा वाढवणे हा दोष नव्हे. जिथून माणसे रोज कामाला ये-जा करतात तो सगळा भाग एका नियोजनाखाली असावा, हे तत्त्व योग्य आहे. दोष आहे तो एका सरासरीवर थांबण्यात. महाराष्ट्राने ही चूक मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली गेली आणि तिच्यामुळे ‘अनुशेष’ हा शब्द आपल्या राजकारणात रुजला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली ती विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’ अशी तीन. या उर्वरितात पालघरचा आदिवासी मोखाडा तालुका होता आणि नरिमन पॉइंटही होता. कोकणासाठी स्वतंत्र मंडळाची मागणी होते तेव्हा तिला हसण्याची पद्धत आहे, पण तिच्या मुळाशी निव्वळ अंकगणित आहे: ज्या गटात मुंबई बसेल त्या गटात कोणीही मागास ठरू शकत नाही.

वाढ आणि संधी यांचा संबंध किती सैल असतो याविषयी एक परदेशी दाखला देतो. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील महानगर प्रदेशांची तुलना केली. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातल्या घरात जन्मलेले मूल मोठेपणी सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शात पोहोचण्याची शक्यता सॅन होझेमध्ये १२.९ टक्के निघाली, तर शार्लटमध्ये ४.४ टक्के. शार्लट म्हणजे काही डेट्रॉइटसारखे खचलेले शहर नव्हे. बँकांमुळे भरभराटीला आलेले, वेगाने वाढणारे शहर आहे. म्हणजे शहर वाढत होते आणि त्यातली गरिबांची मुले जागच्या जागी होती. जिथे गरीब आणि श्रीमंत वस्त्या फार वेगळ्या पडलेल्या नव्हत्या, शाळा चांगल्या होत्या आणि शेजारपाजारचे संबंध घट्ट होते, तिथे मुले वर जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा कार्यकारणाचा अंतिम पुरावा नाही, परंतु तुलना डोळे उघडणारी आहे. आपल्याकडे असे मोजायचे झाले तर पालकांचे आणि मुलांचे उत्पन्न जोडणारी माहिती हवी, आणि उपभोग-खर्चाच्या पाहण्यांचे नमुने तर जिल्ह्याच्या पातळीवरच विरळ पडतात.

---

दादर_पश्चिम

मी धागाकर्त्यांशी असहमत आहे, आणि हे गावाशी नाते असलेला माणूस म्हणूनच लिहितो. माझे आजोळ लांज्याचे.

मुंबईने कोकणाकडून माणसे ओढून घेतली हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण मुंबई नसती तर त्या माणसांचे काय झाले असते, हे कोणी विचारत नाही. जांभ्याच्या कातळावर वर्षातून एक पीक, पाऊस तीन हजार मिलिमीटर आणि मेमध्ये विहीर कोरडी, अशा जमिनीवर वाढत्या कुटुंबांचे पोट भरले नसते. माणसे दाटीने एकत्र आली की काम विभागले जाते, एकाचे कौशल्य दुसऱ्याला मिळते आणि उत्पादकता वाढते. यात कोणी कोणाला लुटत नाही.

खरी चूक वेगळ्या ठिकाणी आहे. मुंबईने माणसाला काम दिले, पण घर दिले नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी घर बांधणे आतबट्ट्याचे झाले. बेटावर चटईक्षेत्र (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) वर्षानुवर्षे १.३३ वर बांधून ठेवले. गिरण्यांच्या जमिनीतून मोकळी जागा आणि परवडणारी घरे यांचा जो वाटा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होता, तो २००१ च्या बदलाने फार आकसला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल उचलून धरला. २०११ मध्ये बृहन्मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती ती याचा परिणाम म्हणून. गावमंडळाच्या खोलीत तीस पुरुष पाळीपाळीने झोपत होते तेव्हा बायको-मुलांना कुठे आणायचे? तुमच्या वाडीतली कुलपे आणि रत्नागिरीचे ११२२ हे दोन्ही आकडे मुंबईच्या घरांच्या किमतीतून आलेले आहेत. घर स्वस्त असते तर माणूस कुटुंबासह आला असता, मुलांना तिथेच शिकवले असते, आणि खर्च व उत्पन्न एकाच खात्यात बसले असते.

---

शहापूर_स्टेशन

पाण्याचा उल्लेख कोणी केला नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी भातसा, तानसा आणि मोडकसागर आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. जलवाहिनी गावाच्या कडेने जाते, तिच्यावर बसून पोरे गप्पा मारतात. ठाणे जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नात आम्ही श्रीमंत आहोत.

---

बांदा_नाका

सिंधुदुर्गाची कथा थोडी निराळी आहे, कारण आमचे महानगर मुंबई राहिलेले नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथली मुले दुचाकीवरून रोज गोव्यात कामाला जातात: औषधनिर्मितीचे कारखाने, हॉटेले आणि आता मोपाचा विमानतळ. गंभीर आजार झाला तर रुग्णाला गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. आमच्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण बांद्याच्या माणसाला मोपा अधिक जवळ पडतो. गोव्याला महानगर कोणी म्हणत नाही आणि राज्याची सीमा मध्ये असल्यामुळे कोणत्याही प्रदेश आराखड्यात ही रोजची ये-जा दिसत नाही. एक फरक मात्र नमूद करण्यासारखा आहे: हा माणूस रात्री घरी जेवायला येतो. त्याच्या घराला कुलूप नाही. पगार मुंबईपेक्षा कमी, पण भाडे शून्य. दादरकरांचे घराविषयीचे म्हणणे मला त्यामुळेच पटते.

---

कलमांची_बाग (रत्नागिरी)

सगळे पुरुषांच्या स्थलांतराविषयी लिहीत आहेत, म्हणून मागे राहिलेल्यांपैकी एक लिहिते.

माझ्या सासूबाईंनी तीस वर्षे भातशेती, दोन म्हशी, चार मुले आणि अंथरुणाला खिळलेले सासरे असे सारे एकटीने सांभाळले. मनीऑर्डर त्यांच्या नावाने येई, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या पश्चातच लागले. मिर्डाल यांच्या दोन परिणामांत या कामाची जागा कोणती?

दुसरे सांगायचे आहे ते अधिक अडचणीचे. आमची हापूसची बाग आहे. पावसाळा सरला की बागेच्या राखणीला नेपाळमधून कुटुंबे येतात आणि आंबा संपला की परत जातात. फवारणीपासून उतरणीपर्यंत त्यांच्याशिवाय आमची बाग चालत नाही, आणि ती बागेतल्या पत्र्याच्या खोपीत राहतात. त्यांची मुले शाळेत मध्येच येतात आणि मध्येच जातात. बाग आमच्याकडे आहे ती माझ्या कर्तृत्वाने नव्हे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तरी कोणाकडे कातळ आणि कोणाकडे मळा हे बरेचसे जुन्याच वाटणीने ठरलेले आहे. धागाकर्ते म्हणतात तसे मुंबई आमच्या माणसांच्या बालपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च देत नाही. आम्ही नेपाळच्या त्या गावांना तो देतो का? गणपतीत तुमच्या वाडीतली दारे निदान उघडतात. दसरा-तिहारला आमचे राखणदार कुठे असतात, हे मीही कधी विचारले नव्हते. यंदा विचारले, तर म्हणाले की बहुतेक वर्षी इथेच.

---

खाडीपल्याड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आकडेमोड यांची जन्मदराची दुरुस्ती मान्य. ‘उर्वरित महाराष्ट्रा’चा मुद्दा मी मांडायला हवा होता, तो त्यांनी माझ्यापेक्षा नेमका मांडला.

दादरकरांचे म्हणणे मला वाटले होते त्यापेक्षा जास्त पटले आहे. मुंबईने ओढले, यापेक्षा मुंबईने अर्धेच घेतले, काम करणारा हात घेतला आणि बाकीचे कुटुंब नाकारले, असे म्हणणे अधिक अचूक होईल. मात्र घर स्वस्त झाले असते तर सारा प्रश्न मिटला असता, हे मला मान्य नाही. तसे झाले असते तर वाडीत कुलपे आणखी असती. खर्चाची फाळणी तेवढी मिटली असती. उरण आणि शहापूरचे प्रतिसाद वाचल्यावर माझे मूळ विधानही अपुरे वाटते: दरी सीमेबाहेर आहे तशी ती सीमेच्या आत, एका गल्लीत आणि एका जलवाहिनीच्या दोन बाजूंनाही आहे. बागेविषयीच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याही काजूच्या बागेत राखणदार आहे.

घराचा विषय निघाला म्हणून शेवटी घरातलीच गोष्ट. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले होते, त्यांत माझ्या आईने वारस म्हणून केलेला एक आहे. पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली; तेव्हाही आणि पुढेही आमचे नाव लागले नाही. आता बदलापूरच्या पुढे शेलू आणि वांगणी इथे घरे देण्याचा प्रस्ताव आहे. वडील परळला राहत होते आणि गिरणीत चालत जात होते. आई म्हणते, मिळेल ते घ्यावे. मुलगी डोंबिवलीहून रोज फोर्टला जाते. तिने वेळापत्रक काढून पाहिले आणि वांगणीहून किती वाजता निघावे लागेल ते आजीला सांगितले. आईने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, की मग वांगणीत राहून गावाला यायला गाडी कुठून धरायची.